कैलास बाहेर काढा

माझं लग्न मोडायला आलं ते एका माणसाच्या तोंडामुळे, आणि जमलं तेही त्याच तोंडामुळे. मधल्या चार दिवसांत माझ्या जिवाची जी तगमग झाली, तिची नोंद त्या माणसाने आपल्या वहीत दोन ओळींत करून ठेवली आहे. ती वही आता रोह्याजवळच्या वरश्याच्या आमच्या घरात, माशांच्या टाकीशेजारच्या फळीवर असते. घरी पाहुणे आले की लोक लग्नाचा अल्बम काढतात. मी ही वही काढतो.

तो माणूस म्हणजे काका, आणि ते माझे नात्याने कोणी नव्हेत. रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते पाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होते आणि मी लॅबमध्ये नवा केमिस्ट. बॉयलरला जड पाणी चालत नाही, नळ्यांच्या आत चुन्याचा थर बसतो आणि बॉयलरचं आयुष्य संपतं. म्हणून पाणी आधी मऊ करून घ्यायचं, दर दोन तासांनी तपासायचं आणि आकडा वहीत भरायचा. काकांनी हे काम तीस वर्षं केलं. दोन तासांची सवय अंगात इतकी मुरली होती की लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन तास झाले की ते उठून उभे राहायचे, मग आपण कुठे आहोत ते आठवून परत बसायचे.

पहिल्या आठवड्यात मी सॅम्पल न्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेलो, तर टेबलावर दोन वह्या. एक कंपनीची. दुसरीवरही तेच रकाने, पट्टी लावून सरळ आखलेले: तारीख, शिफ्ट, पाणी, झाडं, मासे, शेरा, ऑपरेटरची सही, केमिस्टची सही. मी उघडून वाचायला लागलो. ‘ए शिफ्ट. पाणी ठीक. झाडं ठीक. मासे बारा, हजर अकरा, एक गैरहजर.’ त्याखाली, ‘बी शिफ्ट. गैरहजर मासा लाकडाखाली सापडला. हजर बारा.’ मान वर केली तेव्हा कोपऱ्यातली काचेची टाकी दिसली. लॅबने टाकून दिलेली, एका बाजूला तडा गेलेली, पण आत अशी हिरवीगार की त्या वाफेच्या आणि आवाजाच्या खोलीत ती वेगळ्याच गावची वाटत होती.

‘केमिस्टच्या रकान्यात कुणाचीच सही नाही,’ मी म्हटलं.

‘केमिस्ट भेटला नाय अजून.’

‘मी आहे ना. करू सही?’

काकांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘तू कंपनीचा केमिस्ट. माशांचा नाय,’ म्हणाले आणि वही माझ्या हातातून काढून घेतली. मला राग आला होता. एम.एस्सी.ला पहिला वर्ग होता माझा, आणि हा बारावी नापास माणूस मला नाकारत होता.

रोह्यात आणि आसपास तेव्हा घरोघर झाडांच्या टाक्या ठेवायचं वेड आलं होतं. टाकी आणली की महिन्याभरात मासे आजारी पडायचे, आणि मग कुणीतरी काकांचं नाव सांगायचं. शिफ्ट सुटली की त्यांची सायकल कुणाच्या तरी दारात उभी असायची. मी उत्सुकतेपोटी सोबत जायला लागलो आणि हळूहळू त्यांच्या पद्धतीची मला चटकच लागली.

घरात शिरल्यावर ते मासा बघायचेच नाहीत. घरमालक उतावीळ होऊन सांगत असायचा, शेपटी बघा, पांढरं बघा, पोट बघा. काका टाकीकडे पाठ करून बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, ‘घरात नवीन काय आलं?’

‘नवीन? काही नाही.’

‘नीट आठवा. रंग दिला? नळ बदलला? वरची टाकी धुतली? पावणा आला?’

पाहुण्याचा आणि माशाचा काय संबंध असं लोकांना वाटायचं. पण पाहुण्यांसोबत नातवंडं यायची आणि नातवंडांनी टाकीत बिस्किटं टाकलेली असायची. घर बोलून झालं की झाडं. जुन्या पानाला भोकं का, नवं पान पिवळं का, हे ते बोटाने दाखवत जायचे. कोलाडकडच्या आपल्या गावाच्या ओढ्यातून त्यांनी एक लांब, कुरळ्या पानांचं झाड आणलं होतं. त्याला गावात कुणी नाव दिलेलं नाही, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पण ओढ्याच्या मऊ पाण्यात वाढलेलं ते झाड पाणी बिघडलं की सगळ्यांच्या आधी वितळायचं. काका ते प्रत्येकाच्या टाकीत एक लावायचे आणि म्हणायचे, ‘हा तुमचा वॉचमन.’ मासा सगळ्यात शेवटी. ‘मासा बिचारा काय सांगनार? जे झालंय ते त्याला झालंय. केलंय दुसऱ्यानं.’

बाजारातल्या औषधांवर त्यांचा भारी राग. विशेषतः पाणी निळं करणाऱ्या त्या बाटलीवर. ‘माशाला निळा करून काय गोकुळाष्टमी करायचीय?’ असं ते भर दुकानात दुकानदाराला विचारायचे. दुकानदार त्यांना बघितलं की शटर ओढायच्या बेतात यायचा.

आणि तपासणी चालू असेपर्यंत ते काही म्हणजे काही खात नसत, पीत नसत. आग्रह केला तर हात जोडायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, ‘एकदा चहा घेतला की मानूस मिंधा होतो. मग टाकीत दोष दिसला तरी जीभ उचलत नाय.’ निदान सांगून झालं की मात्र दोन कप मागून घ्यायचे.

खिशात दोन वस्तू कायम. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणि डबीत कपडे धुवायच्या साबणाचा किस. आधी नळाचं पाणी बाटलीत घ्यायचं, चिमूटभर किस टाकायचा, कानाशी धरून हलवायची. फेस उभा राहिला की ठीक. मग बाटली विसळून तेच टाकीच्या पाण्याने. पाणी जड असेल तर फेस धरतच नाही, साबण फाटून दह्यासारखे कण तरंगतात. लॅबमध्ये माझ्याकडे यासाठी काचेची नळी, दोन रसायनं आणि थेंब टाकता टाकता लालाचा निळा होणारा रंग होता. काकांचं काम अर्ध्या मिनिटात व्हायचं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांचं उत्तर माझ्या उत्तराशी कधी भांडलं नाही.

ते चुकायचे नाहीत असं मात्र नाही. रोह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या टाकीतला मोठा गोल्डफिश कलत कलत पोहायला लागला होता. बाई एकट्या राहायच्या, त्या माशाशी बोलायच्या. काकांनी सांगितलं, खाणं जास्त होतंय, चार दिवस उपास. तिसऱ्या दिवशी मासा गेला. काका पुन्हा गेले, कपाट सरकवून मागे बघितलं, तर डासांचं औषध भिंतीतल्या प्लगला लावलेलं आणि त्याला चिकटून हवेचा पंप. पंप ती औषधी हवा ओढून रात्रंदिवस पाण्यात सोडत होता. कपाटामागे हात घालायचा आळस केला, एवढंच झालं होतं. काका बाईंच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, मासा माझ्यामुळं गेला. मी मागं बघितलं नाय.’ बाई म्हणत होत्या, अहो जाऊ दे. त्यांनी जाऊ दिलं नाही. वहीत लाल पेनाने लिहिलं, ‘माझी चूक,’ आणि खाली सही केली. त्यानंतर ते कुणाच्याही घरी गेले की आधी टाकीच्या मागे खांद्यापर्यंत हात घालायचे.

काकू या सगळ्याला विटलेली होती, पण तिचा ऊर अभिमानाने फुगलेला असायचा तो लपत नसे. माझ्या आईला म्हणायची, ‘काय सांगू गो तुला, माझा ताप कदी मोजला नाय या मान्सानं. माशाच्या टाकीला मात्र हाताची उलटी बाजू लावून बसतो.’ आणि लगेच पुढे, ‘पन नागोठण्यावरनं बोलावनं आलंय हां आज, गाडी पाठवतायत.’

आता लग्नाचं. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. त्यामुळे पेणचं स्थळ आलं तेव्हा बघायला जाताना सोबत वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून आईने काकांनाच विचारलं. निघताना दारातच तिने हात जोडले, ‘भावजी, एक करा. तिथे माशांचा विषय काढू नका.’

‘मी कशाला काढू? मासे काय माझ्या डोक्यावर बसलेत?’ काका म्हणाले. पण शर्टाच्या खिशात बाटलीचा फुगवटा दिसत होता.

मुलीच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना. पेणमध्ये कारखाने पुष्कळ, पण यांच्या हातच्या डोळ्यांच्या आखणीसाठी लोक लांबून येतात असं मध्यस्थाने सांगितलं होतं. घराला लागूनच कारखाना होता. रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीने बसलेले, अजून डोळे न उघडलेले. त्यांच्यामधून वाट काढत आम्ही बैठकीच्या खोलीत गेलो आणि आईने माझा दंड घट्ट धरला. समोरच्या भिंतीला चार फुटी टाकी होती.

टाकीच्या मध्यभागी कैलास. दीड फूट उंच, गुहा, कडे, वर बर्फ, आणि शिखरावर ध्यानस्थ शंकर. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, प्लास्टरमध्ये स्वतः घडवलेला. मूर्तिकाराच्या घरात टाकी आली तर तिच्यात बाजारचं खेळण्यातलं जहाज थोडंच ठेवतील? लोक मुद्दाम तो बघायला येत. त्यांनीही आम्हाला बसवल्या बसवल्या तोच दाखवला. काम खरंच सुंदर होतं. पण त्याच्या भोवती झाडं काळपट पडली होती आणि गुहेच्या तोंडाशी आठ-नऊ निऑन मासे पंख मिटून, रंग उडून, एका जागी लटकले होते. टाकीखाली औषधाच्या तीन बाटल्या.

‘कैलासात माशांना लाभत नाय बघा,’ ते हसत म्हणाले. ‘पंचवीस होते. दुकानदार पट्टी बुडवून बघतो, म्हणतो पाणी एकदम नॉर्मल.’

काका दहा मिनिटं स्वतःच्या हातांवर बसून राहिले. अक्षरशः, तळवे मांडीखाली घालून. मुलगी पोहे घेऊन आली. मी बशी घेतली, आईने घेतली. काकांनी हात जोडले. मुलीच्या आईला वाटलं यांना पोहे आवडत नाहीत. मला आणि आईला कळलं की तपासणी सुरू झाली.

आई मुलीला शिक्षण विचारत होती. मुलगी बी.एस्सी. झालेली, कारखान्यात मूर्तींचे दागिने रंगवायची. टाकी तीच सांभाळायची. काका एकदम म्हणाले, ‘बाय, घरात नवीन काय आलं?’

खोलीतल्या कुणालाच प्रश्न कळला नाही. तिला कळला. तिने वडिलांकडे बघितलं नाही, सरळ काकांकडे बघून म्हणाली, ‘कैलास. दिवाळीत.’

‘त्याच्या आदी मरत होते?’

‘नाही. एकही नाही.’

काका उठले. टाकीच्या मागे खांद्यापर्यंत हात घालून आले. काही नव्हतं. मग बाटली निघाली, साबण निघाला. नळाचं पाणी मागितलं. फेस बुचापर्यंत उभा राहिला. टाकीचं पाणी घेतलं. हलवलं, परत हलवलं, आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत दह्याचे कण. काकांनी पाण्यात हात घालून कैलासाच्या पायथ्याशी बोट दाबलं. रंगाचा पापुद्रा आत गेला आणि नखाशी पांढरा चिखल आला.

‘कैलास बाहेर काढा,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘प्लास्टर विरघळतंय. पाणी जड झालंय. मासे मऊ पान्यातले हायत, त्यांना सोसत नाय. आजार माशात नाय, डोंगरात हाय.’

मूर्तिकाराचा चेहरा पडला. तीन थर रंग दिलाय, वर पॉलिश आहे, ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ज्या हाताने तो घडवला त्याच हातावर त्यांचं सारं नाव उभं होतं. मग ते माझ्याकडे वळले. ‘तुम्ही तर केमिस्ट ना? तुमचं काय मत?’

मी बाटली बघितली होती. मला शंभर टक्के ठाऊक होतं. पण समोर ती मुलगी उभी होती आणि मला ती पहिल्याच उत्तरात आवडली होती. बापाचा कैलास वितळतोय असं मी म्हटलं तर या घराचं दार मला पुन्हा दिसणार नव्हतं. मी म्हणालो, ‘नुसत्या साबणावरून तसं ठाम सांगता येत नाही. अंदाजच तो.’

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मग हातातल्या ट्रेकडे. काकांनी बाटली विसळली. बाटलीत टाकीचं ताजं पाणी भरून बूच लावलं. दारात चपला घालताना फक्त मुलीला म्हणाले, ‘पानी एकदम बदलू नको हां. रोज दोन तांबे काढायचं, दोन घालायचं.’ पोह्याचा एक दाणाही त्यांनी तोंडात घातला नव्हता.

पेण ते रोहा गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. कासू गेलं, नागोठणं गेलं. नंतर काकांनी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘रीडिंग घेतलं नसंल तर रकाना मोकळा सोडायचा. तुला माहीत नसतं आनि तू गप बसला असतास, तर चाललं असतं. तू रीडिंग बघितलंस आनि खोटं भरलंस.’

एवढंच. पण आजवर कुणी मला इतकं लागेल असं बोललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन. मुलगा पसंत आहे. फक्त सोबतच्या गृहस्थांचं बोलणं वडिलांच्या मनाला लागलंय. त्यांचं म्हणणं चूक होतं एवढं मुलाने स्वतः फोन करून सांगावं, की पुढची बोलणी सुरू. आई म्हणाली, ‘सांगून टाक रे. भावजींना कुठे कळणार आहे?’ काकांना खरंच कळलं नसतं. बाटली दोन दिवस माझ्या टेबलावर उभी होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. त्या दोन दिवसांत मी लॅबमध्ये कितीतरी कागदांवर सह्या केल्या, आणि प्रत्येक सहीच्या वेळी हात अडखळला.

तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी काचेची नळी लावली. टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकत गेलो. रंग लालच. टाकतोय, टाकतोय, तरी लालच. निळा व्हायला इतके थेंब लागले की मी नळी दुसऱ्यांदा भरली. मी आकडा लिहिला, खाली सही केली, आणि चौथ्या दिवशी सुट्टी होती तेव्हा कुणाला न सांगता एकटाच पेणला गेलो. लग्न मोडायचं तर तोंडावर मोडू, एवढं ठरवलं होतं.

ओट्यावर कैलास उभा होता. कोरडा, पायथ्याशी खंगलेला. शेजारी पायरीवर मुलीचे वडील.

‘तिनं काढला,’ मला बघून ते म्हणाले. ‘तुम्ही गेलात त्याच दुपारी. चार दिवस आमचं बोलणं नाय.’ मग थांबून, ‘फोन करायचा होता तुम्ही.’

मी कागद पुढे केला. म्हणालो, ‘काकांचं बरोबर होतं. तुमच्या नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट जड आहे टाकीतलं पाणी. आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं.’

‘मग बोलला का नाय?’

‘घाबरलो.’

दारात ती येऊन उभी राहिली होती. वडिलांनी कागद वाचला नाही. आत जाऊन साबण आणला, बाटली आणली. कैलासाच्या पायथ्याचा एक तुकडा त्यांनी आधीच तांब्यात भिजत घातलेला होता, सकाळपासून. म्हणजे ते माझी वाट न बघता स्वतःच शोध घेत होते. नळाच्या पाण्याला फेस आला. तांब्यातल्या पाण्याला नाही. त्यांनी तीनदा हलवून बघितलं. मूर्तीच्या डोळ्यांची रेघ एका श्वासात ओढणारा तो हात बाटली धरून तसाच राहिला. ‘माझ्या हातानं मारले रे मी,’ ते म्हणाले. ‘तिच्यासाठीच घडवला होता.’

तिने त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. मग तिने एक वहीचा कागद माझ्या हातात दिला. ‘काकांना दाखवा,’ म्हणाली. त्यावर चार दिवसांच्या नोंदी होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. दोन तांबे काढले, दोन घातले. मासे आठ. आठ. आठ. शेवटच्या ओळीत, ‘रंग परत येतोय.’

मी जायला निघालो. कारण कुणी बस म्हटलं नव्हतं. पायरी उतरलो तेव्हा मागून तिच्या वडिलांचा आवाज आला.

‘ते तुमचे काका पोहे खात नाहीत का?’

‘तपासणी चालू असेपर्यंत नाही.’

‘संपली ना आता?’ त्यांनी डोळे पुसले. ‘मग घेऊन या त्यांना. रविवारी.’

मी तिकडून थेट कोलाडला उतरून काकांच्या गावी गेलो. ते अंगणात बसले होते. सगळं सांगितलं, तिचा कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, काकूला वाचून दाखवला, ‘बघ, पोरीनं रकाने कसे सरळ आखलेत.’ मग वही आणून पेणचं पान उघडलं. पेणच्या पहिल्या भेटीची ओळ मला दिसली: ‘पाणी नापास. झाडं नापास. मासे पंचवीस, हजर आठ. मूळ कैलास.’ पुढे त्यांची सही आणि केमिस्टचा रकाना मोकळा. त्याखाली त्यांनी आजची तारीख घातली आणि सावकाश लिहिलं, ‘पेण. मासे आठ, हजर आठ. केमिस्ट पास.’

वही माझ्याकडे फिरवली. ‘कर सही.’

मी सही केली. तेवढ्यावर राहिलो असतो तर बरं, पण आनंदाच्या भरात पेन वरच्या ओळीकडे नेलं, तिथेही करून टाकू म्हणून. काकांनी त्या रकान्यावर पंजा ठेवला.

‘ती नाय. ती मोकळीच राहील.’

रविवारी त्यांनी पेणला तीन बशा पोहे खाल्ले. लग्नात सासऱ्यांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं, आणि दोन तास झाल्यावर काका उठून उभे राहिले तेव्हा सासरेही त्यांच्यासोबत उठले, काही विधी असेल म्हणून. पुढे सासऱ्यांनी नवा कैलास केला, नदीतल्या काळ्या दगडांचा. रचायच्या आधी एकेक दगड रात्रभर पाण्यात ठेवून साबणाने तपासला. आता कारखान्यात कुणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं की ते आधी टाकी दाखवतात, मग डोळे.

काकांना आता नीट दिसत नाही. मोतीबिंदू काढला, तरी बारीक मासे कळत नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी वहीचा चार्ज दिला, रीतसर, ‘चार्ज दिला’ लिहून. मला नाही, माझ्या बायकोला. मी शेजारीच उभा होतो. तेव्हापासून रोहा-पेणच्या कुठल्याही घरात मासा कलला की फोन तिला येतो, आणि ती कणीक मळता मळता विचारते, ‘घरात नवीन काय आलं?’ मी लॅबमधून रिपोर्ट आणून देतो. सही करायची जागा आता माझी आहे. कंपनीत मी आज मोठ्या खुर्चीवर बसतो, पण त्या रकान्यात सही करताना पाठ जेवढी ताठ होते, तेवढी त्या खुर्चीत होत नाही.

परवा तिची मावशी आली होती. मी वही काढून दिली. त्यांनी पानं चाळली, पेणच्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘इथून पुढे सगळीकडे जावईबापूंची सही, मग पेणच्याच या पहिल्या ओळीत का नाही?’

मी घसा साफ केला. मला हे सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. पण टाकीत दोन तांबे पाणी घालत असलेली माझी बायको मागे न वळताच म्हणाली, ‘त्या दिवशी केमिस्ट गैरहजर होता, मावशी. खालच्या ओळीत बघ, सापडला.’